खाटेसकट डॉक्टर

“डॉक्टर समक्ष असल्याशिवाय मी सुईला हात लावायची नाही,” सिस्टर अशा ओरडल्या की पार पलीकडच्या राखोली गावातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या असतील. समोर बाकावर घोंगडीत गुंडाळून आणलेला एक वारली गडी होता. लाकडं फोडताना कुऱ्हाड पोटरीत बसलेली. बायको ती पोटरी दोन्ही हातांनी आवळून बसली होती. हात जरा सैल झाला की रक्त.

पोर्तुगीजांकडचं सिल्वासा नुकतंच रीतसर भारतात आलं होतं आणि मागोमाग सरकारी कागदही. नवं परिपत्रक म्हणत होतं, तातडीच्या रुग्णाला डॉक्टर समक्ष हजर असेल तरच टाके घालावेत. रत्नागिरीकडच्या आमच्या सिस्टरांनी आयुष्यभर एकटीनं टाके घातलेले. पण या कागदापायी त्यांना एक मेमो मिळून चुकला होता. दुसरा आला की नोकरी गेली. आणि दवाखान्यातले एकुलते एक डॉक्टर शेजारच्या खोलीत हिवतापानं पडलेले. कपाळावर भाकरी टाकली असती तर पापुद्रा सुटला असता.

मी कंपाउंडर. कागद पुन्हा वाचला. “सिस्टर, हजर असावा म्हटलंय. उभा असावा असं कुठं म्हटलंय?”

“मग आणा की. बघता काय?”

शिपायानं आणि मी डॉक्टरांना खाटेसकट उचलून आणलं. सिस्टरांनी बाईचे हात सोडवून पोटरीला पट्टा आवळला, सुई घेतली. प्रत्येक टाक्याआधी विचारायच्या, “घालू ना, डॉक्टर?” डोळे मिटूनच डॉक्टर म्हणायचे, “हं.”

चौथ्या टाक्याला हुंकार येईना. नुसते दात वाजत होते. सिस्टरांची सुई हवेत. “डॉक्टर, हं म्हणा हो,” त्या रडकुंडीला आल्या.

बाई उठली. नवऱ्याच्या अंगावरची घोंगडी काढून तिनं डॉक्टरांना पांघरली, पायांखाली नीट खोचली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “हं.”

टाके एकवीस पडले, असं मी आजवर सांगत आलो. खरे अकरा.

चौथ्या दिवशी डॉक्टर भिंत धरत धरत त्या गड्याला बघायला आले. पाय शाबूत होता. घोंगडी परत देत त्यांनी बाईला विचारलं, “नवरा असा पडलेला असताना त्याचं पांघरूण मला का घातलंस, बाई?”

“त्याला रगत येत होतं,” ती म्हणाली. “थंडी तुला वाजत होती.”