पणजीनं काठावर ठेवलेली मुलगी

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते. सुट्टीत आमच्या गावी, सावलीला आले, तर मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमंत्रण द्यायला गडचिरोलीपलीकडच्या एका गोंडांच्या गावी निघाले होते. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाचं पहिलं आमंत्रण तिथल्या एका घरी जायचं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. "चाल संग," ते म्हणाले, आणि मी निघाले.

एस.टी.नं फाट्यावर उतरवलं. पुढे जंगलातली पायवाट. मोहफुलं पडायचे दिवस, आणि मोहाखाली अस्वलं येतात. मोह वेचणाऱ्या एका बाईचा चेहरा अस्वलानं नुकताच ओरबाडला होता, असं बसमध्ये कोणी सांगत होतं. मी पायवाटेच्या तोंडाशीच थांबले.

"बोलत राह्य," मोठेबाबा म्हणाले. "अचानक गाठ पडली का ते घाबरून अंगावर येते. आवाज आला तर बाजूले होते."

मी नुसती मोहांखाली बघत चालले. मग तेच बोलू लागले, दूरच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं. आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी जे काढलं, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"माझी आजी, तुझी पणजी, इकडलीच. गावात पटकी आली. नवरा गेला, सासू गेली. दोन लेकरं घेऊन ती वैनगंगेवर आली. तिले डोंग्यात कोण घेईन? एक तं पटकीच्या गावची, त्यात आपल्या जातीची. डोंगेवाल्यानं हाकललं."

"मग?" माझा आवाज फुटला.

"म्हशी पाण्यात उतरत होत्या. तिनं लहान पोरगं पाठीले बांधलं अन् एका म्हशीचं शेपूट धरलं. ते पोरगं म्हणजे माझा बाप."

"आणि दुसरं लेकरू?"

मोठेबाबा थांबले. वळणावरच्या मोहाखाली काळा ढीग हलला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून आमचा वास घेऊ लागलं. त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा मला स्पष्ट दिसत होता. पळायचं होतं, पण मोठेबाबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. नजर न हलवता ते बोलतच राहिले.

"पोरगी होती. मोठी. पाठीवर एकच मावलं. तिले म्हणे, इथीच बस, मी येतो. पण नदीले पूर आला. पाणी उतरल्यावर आजी परत आली, तं पोरगी नाई."

अस्वल खाली टेकलं, फुरफुरलं आणि बांबूत शिरलं. मी तिथंच खाली बसले.

"एका गोंडाच्या बाईनं नेलं होतं तिले," मोठेबाबा धापा टाकत म्हणाले. "आपण त्या पोरीच्याच घरी चाललो."

त्या घरी एका म्हाताऱ्या बाईनं पाणी दिलं. ती त्या मुलीची मुलगी. मी तांब्या तसाच धरून बसले. तिला वाटलं, मी वाटेतल्या अस्वलाला घाबरले. पण आता भीती दुसरीच होती. मोठेबाबांना काही झालं असतं, तर हे सगळं त्या वाटेवरच संपलं असतं.

परतताना मी विचारलं, "आधी काऊन नाई सांगितलं?"

"कोणी विचारलं का?" ते म्हणाले.

ती भीती गेली नाही. नात्यातलं म्हातारं माणूस खोकलं तरी वाटायचं, याच्यासोबत याला माहीत असलेलंही जाईल. मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मागून मी दारोदार फिरू लागले. एका चुलत आजोबांकडे पोहोचले, तर अंगणात तिरडी बांधत होते.

चंद्रपूरच्या आत्यानं आधी टेपच बंद करायला लावला. "काऊन उकरून राह्यली? आपली जात कशी हाकलली, ते लोकाईले ऐकवतं का?" तिचा चेहरा उतरला होता. घाबरली होती तीही. मी गेले नाही, तिच्यासोबत भाजी निवडत बसले. मग आपणच म्हणाली, "कर चालू."

तिनं सांगितलं, पणजीला मुलगी सापडली होती, पण फार वर्षांनी. मुलगी आता गोंडीच बोलायची, पणजीला गोंडी येत नव्हती. दोघी अंगणात बसून राहिल्या. मुलीनं आंबिल दिली. पणजीनं तिच्या केसांत हात घातला, तर ती दचकून मागे सरली.

"अन् मग?" मी विचारलं.

आत्याला पुढचं माहीत नव्हतं. ते कोणाला माहीत असेल, हे मी अजून शोधते आहे. आजही कडी वाजवली की दार उघडेपर्यंत, आतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला येतो का, ते कान देऊन ऐकते.