मूक मोर्चात मोडलेला अबोला

अक्काच्या नंबरवरून फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी तिच्यावर भडकलेलीच होते. आदल्या दिवशी तिनं माझ्या पुरणपोळीबद्दल "सुमे, तुझ्या पोळीत पुरण हुडकायला बॅटरी लागंल" असं चार माणसांत ऐकवलं होतं. त्यामुळे फोन उचलल्या उचलल्या मी सुरूच झाले. "काय गं, आज कशात खोट काढायचीय? भातात की वरणात?" मी बोलतेय, बोलतेय, आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही. "आता काय, परत अबोला धरलास काय?" असंसुद्धा म्हणून झालं. मग पलीकडून तिच्या सुनेचा, स्नेहलचा आवाज आला, "काकी... आई गेल्या. चहा पिऊन टेकल्या होत्या, तशाच..." नंतर विरारला गेले तेव्हा स्नेहल म्हणाली, "काकी, तुम्ही इतक्या मनापासून भांडत होतात, मला मध्ये बोलवेचना." खरंय तिचं. आमचं भांडण मध्येच तोडायची कोणाची छाती नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव हौसाबाई, पण घरात, गावात, विरारच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची अक्काच. आम्ही मूळच्या कोरेगावकडच्या, सातारा जिल्ह्यातल्या. दोघा भावांनी मुंबईत नोकऱ्या धरल्या आणि घरं इकडं केली, थोरल्यांनी विरारला, आमच्या ह्यांनी वसईत माणिकपूरला. मी पोस्टात नोकरी केली, चार लोकांत वावरले, माझी भाषा बदलली. अक्का पस्तीस वर्षं विरारला राहून "हाय का न्हाई" सोडायला तयार नव्हती. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी ती कोरेगावचंच बोलायची आणि गंमत म्हणजे समोरचाही तिच्याशी तसंच बोलायला लागायचा. उंच, सावळी, नाकात मोरणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अशी बाई एके काळी माझ्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. म्हणजे, मीही बोलत नव्हते. आता ती नाही, तर सगळं तिच्यावर कशाला ढकलू?

झालं होतं ते एवढंच. माझ्या लेकीचं लग्न. आमच्यात नवरीला पहिली हळद लावायचा मान थोरल्या चुलतीचा. अक्का पहाटेपासून राबत होती आणि नेमकी त्या वेळी पाहुण्यांच्या चहाला म्हणून आत गेली. इकडं भटजींनी घाई केली, मी गांगरले, आणि शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीच्या हातात हळदीची वाटी दिली. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली तर नवरीचे गाल पिवळे झालेले. तिथं मी "अक्का, चुकलं माझं" म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण माझी जीभ! मी म्हणाले, "असू दे गं, हळद कोणी का लावेना, पिवळीच होते." अक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग लग्न होईपर्यंत तिनं पंगती वाढल्या, रुखवत मांडलं, लेक निघाली तेव्हा माझ्याआधी रडली. माझ्याशी मात्र शब्द नाही. तो दिवस आणि पुढची अकरा वर्षं.

अबोला म्हणजे येणं-जाणं बंद असं समजू नका. गणपतीला, जत्रेला, सत्यनारायणाला आम्ही एकाच चुलीपुढं बसायचो. दोन हातांवर बसून ती सुनेला म्हणायची, "स्नेहल, तुझ्या काकीला सांग, आमटीत मीठ पडलंय का मिठात आमटी?" आणि मी म्हणायची, "स्नेहल, तुझ्या सासूला सांग, जिभेचा डॉक्टर गाठा." बिचारी स्नेहल, लग्न होऊन आली तशी टपालाची नोकरी लागली तिला. आमचे हे आजारी पडले आणि दवाखान्यात बारा दिवस काढावे लागले, तेव्हा अक्का रोज विरारहून डबा घेऊन यायची. स्टुलावर ठेवायची, ह्यांच्या कपाळावर हात ठेवायची, आणि माझ्याकडं न बघता निघून जायची. डबा उघडला की त्यात माझी आवडती शेंगदाण्याची चटणी असायची, ह्यांना तर तिखट वर्ज्य होतं. रोज मी ठरवायची, आज हाक मारायची. पण दोघींच्या डोक्यात एकच भूत बसलेलं, आधी बोलेल ती हरली. अन् हरायचं कोणालाच नव्हतं. आम्ही दोघी साठीच्या पुढं-मागं. ही बाई अशीच एक दिवस जाईल नाहीतर मी जाईन, आणि हे तसंच राहील, या विचारानं मला घाम फुटायचा. तरी तोंड उघडत नव्हतं.

मग ते मोर्चे सुरू झाले. एका लेकराला न्याय मिळावा म्हणून, पोरांना शिक्षणात-नोकरीत आरक्षण मिळावं म्हणून गावोगावी लाखांनी माणसं निघायला लागली, तोंडातून चकार शब्द न काढता. आमच्या वसईचाही ठरला. माणिकपूरला एका शाळेच्या हॉलमध्ये बायकांची बैठक झाली. एक दाढीवाला तरुण नियम सांगत होता. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, पुढारी पुढं नाहीत. पुढं मुली, मग बाया, मग पुरुष आणि सगळ्यांत शेवटी रस्ता झाडणारे. आपसात बोलायचंसुद्धा नाही. एक बाई म्हणाली, "मग करायचं काय?" तो म्हणाला, "ताई, चालायचं." मग त्यानं स्वयंसेविकांच्या जोड्या वाचल्या. बायांच्या रांगेच्या कडेनं दोर धरून चालायचं, म्हणजे गर्दी रस्त्यावर पसरत नाही. जोड्या त्यानं आडनावं बघून लावल्या होत्या. "एका घरातल्या एकत्र असल्या की बरं पडतं," असं म्हणाला आणि वाचलं ते माझं नाव आणि अक्काचं! विरारहून वीस बाया घेऊन ती मागच्या बाकावर बसली होती हे मला तेव्हा कळलं. हॉलमधल्या आमच्या नात्यातल्या बायांना एकदम खोकला आला. अक्का उभी राहून त्याला म्हणाली, "लिव्ह बाबा. आमाला मुकं ऱ्हायाची सवं हाय."

मोर्चाच्या सकाळी माणिकपूरचा रस्ता माणसांनी भरून गेला. काळे कपडे, भगवे झेंडे, आणि आवाज म्हणाल तर फक्त चपलांचा. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली होती. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती, तीही कुजबुजत नव्हती. अगदी पुढं पोरींच्या रांगेत अक्काची नात तन्वी, तेव्हा पाचवीत, हातात फलक घेऊन. आमच्या दोराचं पुढचं टोक अक्काच्या हातात, मागचं माझ्या. अक्काची चाल म्हणजे शेताला निघाल्यासारखी. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायचे. ती पुढं ओढायची, मी मागं खेचायची. तिनं एक हिसका दिला की मी दोन द्यायची. अकरा वर्षांत मध्ये स्नेहल नसताना आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं. एका वळणावर चांदीप गावाहून भाजी घेऊन येणारी आमची नेहमीची बाई कळशी आणि पेला घेऊन उभी होती. "पानी प्या गो बायांनो, उन्हाचं," एवढंच हळू म्हणायची आणि पेला पुढं करायची. मी प्यायले. अक्कानं मान हलवून नको म्हटलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला साखरेचा त्रास, ही सकाळी काही खाऊन आलीय की नाही?

तिथून शंभरेक पावलं गेलो असू. माझ्या हातातला दोर एकदम ढिला पडला. बघते तर पुढं अक्का नाहीच! तिचा हिरवा पदर तेवढा खाली जाताना दिसला. मी काही विचार केला नाही. मोर्चा आठवला नाही, नियम आठवला नाही, अकरा वर्षंसुद्धा आठवली नाहीत. "अक्काऽऽ!" हाक कसली, किंकाळीच ती. हजारो माणसं मुकी चाललेली आणि त्यात माझा तो आवाज. पुढच्या दहा रांगा गर्रकन वळल्या. दाढीवाला हात जोडत धावत आला. आणि अक्का खालून शांतपणे वर उठली. तिच्या हातात वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. रस्त्यात कचरा दिसला म्हणून बाई उचलायला वाकली होती, आणि ते झाडणारे शेवटी येताहेत हे तिला बसल्या बैठकीत दहादा सांगितलं होतं! तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, पण तोंडावर बोट. म्हणाली, "शूऽऽ! मुका मोर्चा हाय!"

अकरा वर्षांनंतर माझ्या जाऊबाईंनी माझ्याशी काढलेला पहिला शब्द, "शू".

त्यानंतर तहसीलदारांच्या कचेरीपर्यंतची वाट मी कशी काढली माझं मला माहीत. एवढं बोलायचं होतं आणि बोलायची सोय नाही! अक्काचे खांदे हसण्यानं गदगदत होते, हे मला मागून दिसत होतं. मग ती काय करायला लागली, तर चालता चालता दोर हाताला गुंडाळायला लागली. एक वेढा, दोन वेढे. दोर आखूड होत गेला आणि आम्ही जवळ येत गेलो. दाढीवाला लांबून हातवारे करतोय, ताई, लांब व्हा, लांब व्हा. अक्का आकाशाकडं बघतेय. शेवटी आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो आणि आमच्या मागची रांग बिनदोराची, पण कोणी बाहेर पडलं नाही. पोरींनी निवेदन दिलं, एका मुलीनं ते खणखणीत वाचून दाखवलं, आणि मग राष्ट्रगीत झालं. आम्ही दोघींनी इतक्या वर्षांनी एकत्र तोंड उघडलं ते राष्ट्रगीताला. अक्काचा सूर भयानक होता, माझाही बरा नव्हता.

नंतर एका झाडाखाली बसलो. मी म्हणाले, "अक्का, त्या हळदीचं... माझं चुकलं गं." ती म्हणाली, "कळलं मला. हळद ऱ्हाऊ दे, सकाळपास्नं उपाशी हाय, काय आणलंयस का खायाला?" म्हणजे माझी शंका अगदीच चुकीची नव्हती. मी पिशवीतली चपाती-भाजी काढली. खाता खाता थांबून ती म्हणाली, "माझंबी चुकलं. दवाखान्यात डबं आनत हुते तवाच बोलाया पायजे हुतं. रोज दारापतूर शब्द आनायचे अन् परत घिऊन जायाचे." मग आम्ही दोघी भर रस्त्यावर रडलो. येणारे-जाणारे समजले, आरक्षणासाठी रडताहेत. एक पुरुष तर येऊन म्हणाला, "धीर धरा माउली, मिळेल."

मिळालं म्हणाले, मग गेलं म्हणाले, मग पुन्हा दिलं म्हणाले. अक्का टीव्हीपुढं बसून मला फोनवर सगळं सांगायची आणि मध्ये मध्ये टीव्हीतल्या वकिलाला दम द्यायची. स्वतःसाठी तिला काही नको होतं. "मला काय आता साळंत जायाचंय? पर तन्वीला मार्क असून दारात हुबं ऱ्हायाला लागू नये," एवढंच. जुन्या कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा आम्ही दोघी गावी गेलो. मोडी वाचणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस बसलो. आमच्या घराण्याची नोंद काही निघाली नाही. अक्का उठता उठता त्याला म्हणाली, "आमच्या सासऱ्यांच्या घरात कागूद जपायची रीतच न्हाई बगा. भांडनं तेवडी जपत्यात." शेवटी तन्वीनं आपल्या मार्कांवर इंजिनिअरिंगला जागा मिळवली. अक्कानं विरारच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, आणि मला दोन कमी दिले, मला साखर आहे म्हणून. साखर तिला होती!

आमच्यात भांडायला एकच विषय उरला होता, अबोला आधी मोडला कोणी? अक्काचं म्हणणं, "ही किंचाळली की! अख्ख्या वसईनं ऐकलंय." माझं म्हणणं, मी ओरडले, ओरडणं बोलण्यात धरत नाहीत. "मुका मोर्चा हाय" हे पहिलं वाक्य तिचं, म्हणजे हरली ती. विरारला गेले की बायका जमायच्या, अक्का तिच्या कॉटवरून गोष्ट सांगायची, आणि बरोबर किंचाळण्यापाशी थांबून माझ्याकडं बघायची. मग मी "खोटं आहे" म्हणायचं, असा आमचा रिवाज पडून गेला होता.

परवा गेले होते. अक्काला जाऊन आता महिना होऊन गेलाय. बिल्डिंगमधल्या चार-पाच बायका येऊन बसल्या आणि कोणीतरी म्हणालं, तन्वी, आजीची ती मोर्चाची गोष्ट सांग ना. पोरगी हुबेहूब अक्कासारखी सांगते, भुवई वर करून, मांडीवर थाप मारून. "अन् ही किंचाळली की!" म्हणाली आणि थांबली. सवयीनंच थांबली असणार. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, आणि "खोटं आहे" काही येईना. म्हणाले, "हो, आधी मीच बोलले. फार उशिरा बोलले." तन्वी माझ्या गळ्यात पडली. कोणीतरी हसलं, कोणीतरी डोळे पुसले, स्नेहल चहा घेऊन आली. अक्काच्या कॉटवर मी अगदी कडेला टेकले होते, पडेन की काय अशी. स्नेहल म्हणाली, "काकी, नीट आत सरकून बसा की, सगळी कॉट मोकळी आहे." मी म्हणाले, "असू दे गं. तिला लागते तेवढी जागा."