तेराव्याचं आमंत्रण

सरकारी माणूस दारात आला की ताईसाहेब त्याला कधी ‘बसा’ म्हणत नसत. मीटर बघायला आलेला असो, जनगणनेचा असो की कुणी बडा साहेब असो, त्याला उंबऱ्याशी उभं राहूनच बोलावं लागे. देवासच्या त्या गल्लीत मी नव्यानं राहायला आलो तेव्हा मला हे चमत्कारिक वाटलं होतं. कारण एरवी बाई इतक्या अगत्यशील, की भाजीवाल्यालाही चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नसत. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "बसवलं की यांना झोप लागते, विनू. उभा माणूस निदान अर्धा तरी जागा असतो."

त्यांचं घराणं जुनं, दरबारी. पण दरबार संपला तसा त्याचा तोराही संपला आणि ताईसाहेबांनी उभा जन्म सरकारी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवला. गावातले निम्मे अधिकारी त्यांच्या हाताखालून गेलेले. त्याचा त्यांना अभिमान नव्हता. "राज्यघटना शिकवली मी," त्या म्हणत, "आणि पोरांनी त्यातून एवढंच घेतलं, की साहेबाला गाडी मिळते." घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या बहीण अक्कासाहेब, दोघीच. अक्कासाहेब अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. या दोघी म्हाताऱ्या एकमेकींना ‘आपण’ म्हणत. "आपण औषध घेतलंत का?" "आपण दिलंत तर घेईन." माझ्या हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलीला ते ऐकून हसू यायचं, पण तिचं मराठी जे काही सुधारलं ते त्या हसण्यातूनच.

त्या वर्षी अरबी समुद्रातलं चक्रीवादळ गुजरातेवर आदळलं आणि त्याचा उरलासुरला पाऊस माळव्याकडे सरकला. टीव्हीवर इशारे चालूच होते. ‘प्रशासन पूर्णपणे सज्ज’ अशी बातमी पेपरात आली, सोबत बैठकीचा फोटो. लांबलचक टेबल, साहेबांची रांग आणि प्रत्येकापुढे बशी. ताईसाहेबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "यात सज्ज दिसतायत ते फक्त समोसे," म्हणाल्या आणि पेपर माझ्याकडे परत दिला.

पाऊस थांबेना. एका सकाळी गावाच्या वरच्या अंगाच्या तलावाचे दरवाजे कुणालाही न कळवता उघडले. अशा वेळी वाजावा म्हणून आदल्या वर्षी गाजावाजा करून, फीत कापून एक भोंगा बसवला होता. तो वाजला नाही, कारण त्याला विजेचं कनेक्शनच घेतलं नव्हतं. नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं आणि बघता बघता कमरेला लागलं. ताईसाहेबांचं घर बैठं. मी आणि शेजारच्यांनी अक्कासाहेबांना खाटेसकट उचलून माझ्या गच्चीवर नेलं, वर ताडपत्री धरली. गारठ्यानं त्यांना धाप लागली होती. त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि त्यासाठी बोट हवी होती.

मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"बोट तो है भिया," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "इंजन नहीं है."

"कहाँ गया इंजन?"

"धार गया है. वहाँ तालाब पे कार्यक्रम था, मेहमानों को घुमाना था. फिर लौटा नहीं."

"तो चप्पू से ले आओ."

"चप्पू की मंजूरी अभी आई नहीं."

मी हे ताईसाहेबांना सांगितलं. अक्कासाहेबांचे पाय चोळता चोळता त्या म्हणाल्या, "बोट देवासला, इंजिन धारला. अक्कल कुठं ठेवलीय तेही विचारायचं होतंस." त्या हसल्या नाहीत, मीही नाही. दिवसभर मी फोन करत राहिलो. दर वेळी ‘निकल गए हैं’ एवढंच उत्तर. दुपार कलताना अक्कासाहेबांची धाप मंदावली. ताईसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि वाकून हळूच विचारलं, "आपण निघालात का?" त्यावर उत्तर आलं नाही.

पाणी ओसरल्यावर मंत्रिमहोदय पाहणीला आले. त्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून गल्लीभर फळ्या टाकल्या होत्या. ज्या खात्याला चप्पू, म्हणजे साधी वल्ही, मिळत नव्हती त्याला फळ्या मात्र तासाभरात मिळाल्या. कॅमेरे होते, म्हणून मंत्रिमहोदय ताईसाहेबांच्या दारात थांबले आणि लडिवाळपणे म्हणाले, "माँजी, पानी पिलाओगी?"

"पानी तो आपने ही भेजा था," ताईसाहेब म्हणाल्या. "अंदर बचा है, ले लीजिए."

कॅमेरे खाली गेले. फळ्या सोडून मंडळी चिखलातूनच परतली.

मग ती घोषणा झाली. पूर एवढा मोठा, पण प्रशासनाच्या तत्परतेमुळे जीवितहानी शून्य. आणि या शून्याबद्दल अधिकाऱ्यांचा सत्कार व्हायचा होता. अक्कासाहेब कचेरीच्या हिशेबी वयानं गेल्या होत्या. तसं समजवायला एक साहेब घरी आले आणि अर्थातच उंबऱ्याशी उभे राहिले. "मॅडम, उमर भी तो हो गई थी उनकी," ते म्हणाले. ताईसाहेबांनी त्यांच्या पिकलेल्या कल्ल्यांकडे पाहिलं. "हो तो आपकी भी रही है. तो क्या अगली बाढ़ में आपको भी ना गिनें?"

दुसऱ्या दिवशी त्या पांढरं लुगडं नेसल्या आणि मला बरोबर घेऊन कचेरीत गेल्या. बैठकीच्या फोटोत होते त्या प्रत्येकाच्या टेबलापुढे उभ्या राहून त्यांनी हात जोडले. "आपके शून्य में मेरी बहन भी है. उसकी तेरहवीं है. भोजन पर पधारिए." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. एक साहेब मोबाईलमध्ये बघू लागले, दुसऱ्यांना अचानक मीटिंग आठवली. इतकी माणसं एकाच वेळी इतकी लहान झालेली मी कधी पाहिली नव्हती.

तेराव्याला ताईसाहेबांनी त्या सगळ्यांची पानं मांडली. कुणी फिरकलं नाही. भात निवून गेला. पंगत उठवावी असं मी म्हणणार, एवढ्यात प्रमोद आला. तो त्याच खात्यात उपअभियंता होता, बोट त्याच्याच ताब्यात. ताईसाहेबांचा विद्यार्थी. "पाठांतर उत्तम, पाठीचा कणा नाही," असं त्या त्याच्याबद्दल सांगत. तो दारातच घुटमळला. ताईसाहेबांनी स्वतः पाट सरकवला. "बैठो."

तो बसला. "मॅडम, मैंने इंजन भेजने से मना किया था," तो पानाकडे बघत म्हणाला. "ऊपर से फोन आया. साहब ने कहा, बारिश में देखेंगे."

"ये किसको बताया?"

"किसी को नहीं."

"पहले खाना खाओ," त्या भात वाढत म्हणाल्या. "फिर जाकर बताओ."

आणि त्यानं सांगितलं. त्यावरून चौकशी बसली, तिच्यातही सगळं बोलला. निकाल यायचा तसाच आला. शून्याचा एक झाला आणि दोषीही एकच निघाला, तो प्रमोद. आधी निलंबन, मग सोनकच्छला बदली. फोन करणाऱ्या साहेबांना बढती मिळाली. सत्कारही झाला, फक्त फलकावरचा शून्य रंगवून झाकला होता.

अक्कासाहेबांची मोजदाद झाली म्हणून ताईसाहेबांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. पण प्रमोदचं कळल्यावर त्या प्रथमच संतापलेल्या दिसल्या. चौकशी अधिकाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आप जाँच कर रहे थे या सबसे पतली गर्दन ढूँढ रहे थे? सारे बुलाए थे मैंने. आया यही एक. और सज़ा भी इसी को." त्यानं चहा मागवला. तो तसाच टाकून त्या निघाल्या. आम्ही रिक्षात बसलो. मग म्हणाल्या, "मी त्याला बोलायला लावलं, विनू. त्याच्या मागं उभं राहणारी माणसं मात्र मला घडवता आली नाहीत."

त्यानंतर पावसाचा इशारा आला की ताईसाहेब छत्री घेऊन खात्याच्या शेडवर जाऊ लागल्या. कुलूप उघडायला लावायचं, धारहून परत आलेलं इंजिन बोटीवर चढवून सुरू करायला लावायचं आणि ते फुरफुरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. बाबू लोक वैतागायचे, पाठीमागे ‘आ गई मास्टरनी’ म्हणायचे, पण चावी काढायचे. हळूहळू गल्लीतल्या बायकाही त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या.

गेल्या थंडीत ताईसाहेब गेल्या. भाच्याकडे धारला गेल्या होत्या, तिथंच झोपेत. प्रमोद सोनकच्छहून स्मशानात आला होता. कचेरीतून कुणी आलं नाही, आणि बरंच झालं.

यंदा पुन्हा इशारा आला, तेव्हा मी आणि गल्लीतल्या चार बायका शेडवर गेलो. बाबू नवा होता. त्यानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चावी साहब के पास है. कल आना," म्हणाला. आम्ही हललो नाही. त्यानं जरा सावधपणे विचारलं, "वो मॅडम ने भेजा है क्या?"

माझ्याआधी शेजारची शोभा म्हणाली, "हाँ, उन्होंने ही भेजा है."

त्यानं खिशातून चावी काढली.