सासऱ्यांचा उजवा पाय

माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय हा अख्ख्या कोल्हापुरातला सगळ्यात हुशार अवयव आहे, हे मी पैजेवर सांगतो. मी त्यांना मामा म्हणतो. चौतीस वर्षं एसटी चालवून मामा निवृत्त झाले, पाय मात्र अजून ड्युटीवर आहे. समोर काही आडवं आलं, की मामांना कळायच्या आत तो जमिनीवर दाबला जातो. जावळाच्या जेवणात वाढपी पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन पळत आला, दाबला. न्हाव्यानं वस्तरा ओठाशी नेला, दाबला. न्हावी दचकला आणि अर्धी मिशी गेली. टीव्हीवर एक सासू सुनेच्या दुधात काहीबाही कालवायला लागली, तेव्हा तर मामांनी असा कचकचून ब्रेक मारला, की समोरचं टीपॉय चहासकट पालथं. सासूबाई ओरडल्या, "अवो, मालिका हाय ती, गाडी न्हवं!"

बारावीतल्या माझ्या लेकीनं त्यांना एकदा समजावलं, "आजोबा, मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो आधी घंटा वाजवतो. विचार मागनं येतो." मामा खूश. म्हणाले, "मग बराबर हाय की! डोस्कं इचार करतंय तवर म्हस गाडीखाली येती. आमचा बदाम घसरून पायात गेलाय, एवढंच."

तर मी गाडी घेतल्यापासून आठ वर्षं हा पाय माझ्या शेजारी बसतोय. मी चाळीसच्या वर गेलो की दाब, रिक्षा दिसली की दाब, रंकाळ्यावर कणीसवाला लांब फुटपाथवर उभा असला तरी दाब! त्यांच्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडलंय. माझ्या पायाखालची अजून कोरी करकरीत. मला याचा फार राग यायचा हो. बायकोला म्हणायचो, "एकदा, फक्त एकदा तुझ्या वडिलांनी पाय न दाबता माझ्या गाडीतनं यावं. मग मी स्वतःला ड्रायव्हर म्हणवीन."

गेल्या महिन्यात लेकीच्या चांदीच्या पैंजणांसाठी मी आणि मामा हुपरीला गेलो. येताना उसातनं एक ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मी कचकन ब्रेक मारला. ट्रॉली नाकासमोरून गेली. सवयीनं शेजारी बघितलं, तर पाय खाली नव्हताच! मामा सीटवर मांडी घालून बसलेले.

"मामा, ब्रेक?"

"तुमी मारलासा की."

"आणि नसता मारला तर?"

"आता तुमच्याबी पायाला कळतंय." मग म्हणाले, "आनी मला ट्रॅक्टर दिसलाच उशिरा, जावयबापू. हल्ली उशिराच दिसतंय."

आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते सर्टिफिकेट असं हातात पडलं, आणि मला ते परत द्यावंसं वाटलं. उचगाव मागं पडलं. शेवटी मला राहवेना.

"मामा, पाय खाली सोडा बघू. पुढं कावळा नाक्याची गर्दी हाय. मला एकट्याला झेपायचं न्हाय."

"आयला, मोठं आलं ड्रायव्हर!" असं पुटपुटत त्यांनी मांडी मोडली आणि पाय नेमका त्या भोकावर ठेवला. नाक्यावर बऱ्याच लांब एक रिक्षा आडवी वळली. मला ती केव्हाच दिसली होती. मी वाट बघितली. शेजारी रबर करकरलं, आणि मग मी ब्रेक दाबला.