यादीतले तोडे

आमच्या ह्यांचं दाजीबानपेठेतलं साड्यांचं दुकान बुडालं, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते समोरच्या चहावाल्याला. त्याचे दिवसाचे वीस कप गेले. बाकीची पेठ ‘आम्ही आधीच म्हणालो होतो’ असं म्हणण्यात गुंतली होती.

ह्यांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला. म्हणजे काय, ते धारवाडच्या वकिलांनी माझेच पोहे खात मला समजावलं. असेल नसेल ते कोर्टापुढं मांडायचं, त्यातून ज्याच्या त्याच्या वाट्याला येईल ते द्यायचं, आणि कोर्टाला पटलं तर उरलेल्या देण्यातून माणूस मोकळा. दुकानाचा गाळा मात्र बँकेकडं गहाण, त्यावर पहिला हक्क बँकेचा. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि मंगळसूत्र यांना कुणी हात लावत नाही.

“वहिनींनी कर्जाला जामीन म्हणून सही केलीय का?” त्यांनी ह्यांना विचारलं.

केली नव्हती. सहीच्या दिवशी मी कलघटगीला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले होते, म्हणून धाकट्या दिरांनी केली. वकिलांनी बशीकडं बघत सांगितलं, नादार सुटतो, जामीन सुटत नाही. दीर अजून माझ्याशी कामापुरतं बोलतात, जणू भाचीला दिवस गेले ते माझ्याच सांगण्यावरून.

राहिलं माझं सोनं, पाटल्या आणि मोहनमाळ. माहेरचं सोनं बायकोचं, ते नवऱ्याच्या देण्यात जात नाही. पण सुरतेच्या ज्या व्यापाऱ्याचं सगळ्यात मोठं देणं होतं, त्यानं हरकत घेतली की हे सोनं दुकानाच्या पैशातलं आहे. मला तर त्या पाटल्या हव्याच होत्या. गोकुळ रोडवरचा एक शिलाईचा कारखाना बंद होत होता, पाटल्या मोडून त्याची चार मशीनं घ्यायची, हे मी मनात पक्कं केलं होतं. घर आता त्यावरच चालणार होतं.

“पुरावा आहे की!” म्हणत सासूबाई उठल्या आणि ट्रंकेतून माझ्या लग्नाची यादी घेऊन आल्या.

आमच्यात लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडचे वडीलधारे देण्याघेण्याची यादी लिहितात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं वाचतात. मोठ्यानं वाचतात, खरी गोम तिथंच. माझ्या यादीत होतं: पाटल्या चार तोळे, मोहनमाळ तीन तोळे, तोडे पाच तोळे.

तोडे नव्हतेच. वडील शाळामास्तर. लग्नाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाळ, कुणाला बोलू नकोस. दिवाळीपर्यंत करतो.” पुढं बहिणींची लग्नं निघाली, मग वडीलच गेले. सासूबाई दर दिवाळीला विचारायच्या, तोडे का घालत नाहीस? आणि मी दर दिवाळीला नवी थाप मारायची. माहेरच्या लॉकरात आहेत. फासा तुटलाय. पॉलिशला दिलेत. तीस वर्षं मी वडिलांची अब्रू अशी थापांवर सांभाळली.

वकील यादीवर खूश. सासूबाई शेजारीच बसलेल्या, माझी जीभ उचलेना. कागद कोर्टात गेला.

व्हायचं तेच झालं. मी साक्षीला उभी राहिले आणि व्यापाऱ्याच्या वकिलानं यादी नाचवत विचारलं, “ऐदु तोला बंगारा एल्लि, अम्मा?” पाच तोळे सोनं गेलं कुठं? लपवलंय असं ठरलं, तर ह्यांची नादारी फेटाळली जाणार, वर खटला. खरं बोलावं तर समोरच्या बाकावर सासूबाई.

तेवढ्यात सासूबाईच उठल्या. शिपाई बसा म्हणाला, त्या बसल्या नाहीत. शेवटी न्यायाधीशांनी त्यांचीही साक्ष घेतली. खणखणीत कानडीत त्यांनी सांगून टाकलं, “तोडे नव्हतेच, साहेब. बारा तोळे मीच लिहायला लावले. थोरल्या सुनेच्या यादीत अकरा वाचले होते. ही मास्तरची पोर, सात ऐकून भावकीनं हिला जन्मभर टोचलं असतं.”

“मग अम्मा, ही यादी कोर्टात का दिलीत?” व्यापाऱ्याच्या वकिलानं विचारलं.

“मला वाटलं, जेवढं लिहिलंय तेवढं वाचतं.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी तोंडापुढं फाइल धरली. पुढच्या तारखेला सासूबाईंनी ट्रंकेतून सोनाराची चिठ्ठीही आणली. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी वजन करून घेतलं होतं, सात तोळे. पाटल्या आणि मोहनमाळ, दोन्ही माझ्याकडं राहिलं.

पण साक्षीच्या त्या दिवशी रिक्षात बसल्याबरोबर मी भांडणच काढलं. “ठाऊक होतं तर दर दिवाळीला विचारत का होता?”

“थापा फार छान मारायचीस गं. गेल्या वर्षी पॉलिशवाला पळून गेला म्हणालीस, मी देवघरात जाऊन हसले.”

मला राग आला आणि रडूही फुटलं. वडील मान खाली घालून गेले असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि इथं त्यांच्या बाजूनं पहिल्या दिवसापासून कुणीतरी उभं होतं. सासूबाईंनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

“डोळे पूस. थोरली घरी वाट बघत असेल, तोडे कुठं गेले म्हणून विचारेल. चांगलीशी थाप काढून ठेव.”

माझ्याकडं दोन तयार होत्या.