वर न गेलेला जिना

चहा घ्या आधी. मग माझी फजिती ऐका आणि खुशाल हसा, फक्त आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आंध्रातल्या आदिलाबादेत मास्तर, आणि घर बांधायला काढलेलं. माझे साडू पैनगंगेपलीकडं, महाराष्ट्रातल्या एका गावात राहायचे. त्यांनी खालच्या दोन खोल्या एका गरीब कुटुंबाला कमी किरायानं दिल्या, तर तिथल्या नगरपालिकेनं त्यांना एक मजला जास्तीचा बांधू दिला. काय तो साडूंचा रुबाब! वरच्या सज्जात उभं राहून पान खायचे.

मी हिला म्हटलं, "आपुनबी तसंच करू."

"काऊन? आपल्या इथल्या नगरपालिकेत इचारलं काय?"

"त्यात काय इचाराचं? नदी वलांडली का कायदा बदलते काय?"

बदलतो हो! पण हे मला कोण सांगणार?

मी पुढच्या दोन मोठ्या, उजेडाच्या खोल्या बांधल्या आणि कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या मारोतीला दहा वर्षांच्या बोलीवर देऊन टाकल्या. आपण तर वर राहणार! जिनासुद्धा बांधून घेतला. मजला होईपर्यंत आम्ही चौघं जिन्याखालच्या खोलीत. उभं राहिलं की डोकं आपटायचं.

मग ऐटीत नगरपालिकेत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "गुरुजी, वो कायदा उधर का है. अपने यहाँ गरीब को घर दिए तो पीछे की खाली जगह में ज्यादा बांधने देते. ऊपर नहीं!"

मागं? मागं तर मी विहीर खोदून बसलेलो!

घरी आलो. ही म्हणाली, "मंग आता राहाचं कुठं? हिरीत?"

मारोतीला खोली परत मागावी, तर तो रोज हात जोडायचा. "गुरुजी, तुमच्यामुळं लेकरं पक्क्या घरात झोपून राह्यले." ऐकून जीव सुखावायचा, आणि त्याच रात्री डोकं पुन्हा जिन्याला आपटायचं. शेवटी विहिरीच्या कडेला एक खोली तरी होईल म्हणून अर्ज टाकला.

घर खरंच गरिबाला दिलंय का, हे बघायला एका रविवारी दुसरेच साहेब आले. मारोती धुतलेला पांढरा सदरा घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर चहा पीत बसलेला. मी जिन्याखाली, फाटक्या बनियनमध्ये, वाकून स्टोला पंप मारतोय. बाजूला दोन पोरं, मागं ही.

साहेबांनी आत डोकावलं. चुकचुकले. मग मारोतीकडे वळून म्हणाले, "सेठ, पुण्य का काम किया आपने. लेकिन इन गरीबों को जरा बड़ा कमरा देना था!"

मारोती कपासकट गडबडीनं खुर्चीवरून उठला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून ही माझ्याकडं बोट दाखवून ओरडली,

"सांगा हो सायब, चांगलं सांगा त्याइले!"