ओळंबा

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. तो मुरुडचा गवंडी. एक डोळा तळहातानं झाकून समोरच्या दाराची चौकट बघायचा, मग हात दुसऱ्या डोळ्यावर न्यायचा. मला चौकट धूसर दिसत होती, पण सरळ.

"डॉक्टरनं फोटो दावला," तो म्हणाला. "डोळ्याच्या पडद्यावर बारीक झिल्ली धरलीय. ती ओढून ओढून रक्ताच्या नसांच्या कडंला पडदा उसवलाय."

"तुमच्या लक्षात कसं आलं?"

"धाकट्या भावानं भिंत बांधली. मला वाकडी दिसली, पाडायला लावली. परत बांधली, तीबी वाकडी. मग मीच ओळंबा सोडला. खाली वजन असून दोरीच वाकडी दिसली. म्हणलं, दोरी कशी वाकडी होईल?"

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. धाकटा भाऊ चहा घेऊन आला. मी त्याला विचारलं, "पहिली भिंत सरळ होती, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं की." त्यानं मोठ्याच्या चहावर बशी झाकली. "पण दादाच्या नजरेपुढं ओळंबा कोण सोडणार?"